वाचकांचे प्रश्न : जुनी टूरिंग मोटारसायकल बदलावी का?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची होती, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्या विषयाला दिले आहे. पहिले पत्र सर्वांत सविस्तर आहे आणि त्यातला पेच अनेकांचा असणार, त्यामुळे त्याच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझी टूरिंग मोटारसायकल 17 वर्षांची झाली असून तिचे 96,000 किलोमीटर पूर्ण झाले आहेत. इंजिनाचा आवाज अजूनही स्वच्छ आहे. मात्र गेल्या दोन लांबच्या प्रवासांत गाडी वळणावर झोके घेत असल्यासारखी वाटली, उतरल्यावर पाठ आणि मनगटे दुखत राहिली, आणि पावसात एकदा ब्रेक दाबताच पुढचे चाक क्षणभर घसरले. गाडीला एबीएस, म्हणजे जोराने ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही. मित्र म्हणतात, नवी घे. घरचे म्हणतात, अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी गाडी कशाला, आहे तीच सांभाळ. या गाडीवर माझा जीव आहे, त्यामुळे निर्णय होत नाही. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : तुमच्या पत्रात दोन अगदी वेगळ्या जातींच्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, आणि निर्णय अडण्याचे कारण मला तेच वाटते. काही तक्रारी झिजेच्या आहेत. गाडी नवी होती तेव्हा त्या नव्हत्या आणि सुटे भाग बदलले की त्या जातात. काही तक्रारी घडणीच्या आहेत, म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीही ती मर्यादा तिच्यात होतीच आणि कितीही खर्च केला तरी ती जाणार नाही. झिजेसाठी गाडी बदलणे मला पटत नाही आणि घडणीतल्या उणिवेसाठी जुन्या गाडीवर खर्च करत राहणेही पटत नाही. तेव्हा आधी ही फोड करू.

वळणावरचे झोके बहुधा झिजेचे आहेत. मागच्या शॉकॲब्झॉर्बरमधले तेल वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि घुसळण्याने आपला गुण गमावते आणि वायूचा दाब उतरतो. मग स्प्रिंग दबल्यावर तिला आवरणारे काही उरत नाही आणि गाडी एका उंचवट्यावर दोन-तीन वेळा हलत राहते. हे इतके सावकाश घडते की रोज चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण त्याचे शरीर त्या ढिलेपणाशी जुळवून घेत जाते. माझ्या आधीच्या गाडीचे असेच झाले होते. ती आता म्हातारी झाली असे मी धरून चाललो होतो आणि नव्या गाड्या पाहायलाही लागलो होतो. मेकॅनिकने आग्रह केला म्हणून मागचा शॉकॲब्झॉर्बर बदलला, फोर्कमधले, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधले, तेल बदलले, आणि पहिल्याच वळणावर मला माझीच गाडी परत मिळाली. त्यानंतर मी ती आणखी चार वर्षे वापरली.

शॉकॲब्झॉर्बरखेरीज तीन गोष्टी अवश्य तपासा. पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरायला लावा आणि हँडल अगदी हलक्या हाताने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवा. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग, संपला आहे, आणि गाडी सरळ रेषेत नीट चालत नसेल तर त्याचे कारण तेच असू शकते. मग मागचे चाक धरून आडवे हलवून पाहा. तिथे खुळखुळ जाणवली तर स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याची) बेअरिंग किंवा चाकाची बेअरिंग गेलेली असतात. तिसरी गोष्ट टायरची. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा छापलेला असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. 2318 असे असेल तर तो टायर 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खाच भरपूर शिल्लक असूनही जुन्या टायरचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. तुमचे पुढचे चाक पावसात घसरले त्यात टायरच्या वयाचा वाटा किती होता, हे हा आकडा वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

पाठ आणि मनगटांचे दुखणे या दोन जातींच्या मधोमध बसते. सतरा वर्षांत सीटमधला फोम दबून बसलेला असतो. त्यामुळे तुम्ही मूळ उंचीपेक्षा खाली बसता, गुडघे जास्त दुमडतात आणि शरीराची मूळ बैठक बिघडते. सीट नव्याने भरून घेता येते आणि हँडल थोडे वर व मागे घेण्यासाठी जोड मिळतात. मात्र गाडीची मूळ बैठकच पुढे झुकणारी असेल तर या उपायांनी आराम पडेल, दुखणे पूर्ण थांबणार नाही. चाळिशीत ज्या बैठकीवर तुम्ही दिवसभर बसत होता तीच आज त्रास देत असेल, तर बदल तुमच्या शरीरातला आहे आणि तो मान्य करून गाडी निवडण्यात कमीपणा नाही.

आता एबीएसचा मुद्दा, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. कारखान्यातून एबीएसशिवाय आलेल्या गाडीला ते नंतर बसवून घेणे व्यवहारात शक्य नसते, म्हणजे ही उणीव पूर्णपणे घडणीची आहे. बीएमडब्ल्यूने 1988 साली के 100 या गाडीवर इलेक्ट्रॉनिक एबीएस दिले, तेव्हापासून ही यंत्रणा मोटारसायकलींत हळूहळू रुजत गेली. तिचे काम समजायला सोपे आहे. दोन्ही चाकांजवळ दातेरी किंवा छिद्रांची चकती आणि तिच्या समोर सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सतत मोजतो आणि चाक गाडीच्या मानाने एकाएकी फार मंदावले की त्या चाकाचा ब्रेकदाब क्षणभर सोडून पुन्हा दिला जातो. मोटारसायकलमध्ये याचे महत्त्व मोटारीपेक्षा किती तरी जास्त आहे, कारण पुढचे चाक फिरायचे थांबले की गाडीचा तोल राखणारी गोष्टच नाहीशी होते आणि सावरायला पुरेसा वेळ मिळत नाही.

पुढचा टप्पा 2013 साली आला. बॉशची वळणातही काम करणारी यंत्रणा केटीएमच्या 1190 ॲडव्हेंचर या गाडीवर आली. टायरची पकड मर्यादित असते आणि गाडी कललेली असताना त्या पकडीचा मोठा भाग वळणासाठीच खर्च होत असतो, त्यामुळे ब्रेकसाठी फार थोडी उरते. गाडी किती अंशांनी कललेली आहे हे सेन्सरने मोजून ही यंत्रणा ब्रेकचा जोर तेवढाच ठेवते. आज अनेक टूरिंग गाड्यांवर ती मिळते. नवी गाडी घेणारच असाल तर मोठा डिस्प्ले, फोनची जोडणी, रंगसंगती या सर्वांच्या आधी तुम्ही ही एक सोय विचारा, असा माझा आग्रह आहे.

खर्चाच्या हिशोबात एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या विक्रीमूल्याशी ताडला जातो आणि “गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग” असे म्हणून विषय संपवला जातो. ही तुलना मुळातच चुकीची आहे. नवी गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षी तिच्या किमतीत जी घट होते, विमा वाढतो आणि कर्ज असेल तर व्याज जाते, ती सर्व रक्कम दुरुस्तीच्या खर्चासमोर मांडली पाहिजे. तशी मांडली की बहुतेक वेळा दुरुस्ती स्वस्त ठरते. मग जुनी गाडी सोडण्याचे पैशांतले कारण कधी उभे राहते? माझ्या अनुभवात ते सुट्या भागांमुळे उभे राहते. टायर, ब्रेकपॅड, फिल्टर, चेन-स्प्रॉकेट, बेअरिंग यांची चिंता करू नका, कारण हे भाग अनेक मॉडेलांना सामाईक असतात. चिंता त्या एकाच मॉडेलपुरत्या बनलेल्या भागांची करा : इग्निशनचे युनिट, पेट्रोलपंप, मीटर, फेअरिंग म्हणजे बाहेरचे आवरण. अधिकृत विक्रेत्याकडून या चार भागांचे क्रमांक काढा आणि ते आज मागवता येतात का एवढेच विचारा. दोन भागांना नकार आला तर लांबच्या प्रवासासाठी ती गाडी धोक्याच्या उंबरठ्यावर आली असे मी मानतो, मग इंजिन कितीही गोड चालो.

तुम्हाला माझा सल्ला असा आहे. टायर, मागचा शॉकॲब्झॉर्बर, कोनसेट, फोर्कचे तेल आणि ब्रेकफ्लुइड एवढे काम आधी करून घ्या आणि ओळखीच्या रस्त्यावर एक दिवसाचा प्रवास करा. ब्रेकफ्लुइडचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की प्रमाणानुसार तो 155 अंशांपर्यंत उतरलेला चालतो. लांब उतारावर सामान लादलेल्या गाडीचे ब्रेक तापले की हा फरक थेट लिव्हरमध्ये जाणवतो. एवढे करूनही पावसाळी रस्त्यांवरचे दूरचे प्रवास तुम्हाला चालू ठेवायचे असतील, तर एबीएस असलेली नवी गाडी घ्या. घरच्यांनी वयाचा मुद्दा काढला आहे, पण मला तो नव्या गाडीच्या बाजूचा वाटतो. मात्र नवी गाडी जुनीपेक्षा हलकी निवडा. वेगात वजन जाणवत नाही. उतारावर उभी गाडी मागे ढकलताना आणि दमलेल्या संध्याकाळी ती मुख्य स्टँडवर चढवताना ते जाणवते, आणि या वयात गाडी पडण्याचे प्रसंग तिथेच येतात.

प्रश्न : माझे पती जुनी टूरिंग मोटारसायकल देऊन नवे मॉडेल घेण्याच्या विचारात आहेत. मी वीस वर्षे त्यांच्या मागे बसून प्रवास केला आहे. त्यांना आवडलेल्या नव्या गाडीची मागची सीट उंच आणि अरुंद आहे. मी तसे म्हटले की “सवय होईल” असे उत्तर मिळते. माझा आक्षेप केवळ आरामाचा आहे, की त्याला काही तांत्रिक आधारही आहे?

उत्तर : आधार आहे, आणि तो भक्कम आहे. मागे बसणारी व्यक्ती उंच बसली की गाडी व माणसे मिळून होणारा गुरुत्वमध्य वर जातो. त्यामुळे मंद वेगात गाडी सांभाळणे जड होते, आणि ब्रेक लावल्यावर मागच्या व्यक्तीचा भार चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो. तुमची अस्वस्थता ही त्यामुळे त्यांच्या हातातल्या गाडीचीही अडचण आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वजनाचा आहे, आणि नव्या गाडीच्या आकर्षणात तो सर्रास विसरला जातो. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत कमाल एकूण वजन दिलेले असते. त्यातून पेट्रोलसह गाडीचे वजन वजा केले की गाडी किती भार उचलू शकते ते कळते. समजा कमाल वजन 450 किलो आणि पेट्रोलसह गाडी 270 किलो आहे, तर भारासाठी 180 किलो उरतात. चालवणारा 80, मागे बसणारी व्यक्ती 65, दोघांची हेल्मेट, जाकिटे आणि बूट मिळून 12, असे 157 किलो झाले. उरलेल्या 23 किलोंत बाजूच्या दोन पेट्या, मागची पेटी आणि त्या बसवण्याचे सांगाडेही मोजायचे असतात, आणि रिकाम्या पेट्यांचेच वजन सहज 15 किलोंपर्यंत जाते. म्हणजे दोघांच्या कपड्यांना आणि पावसाळी सामानाला आठ किलो. मोठी आणि दणकट दिसणारी गाडी जास्त भार नेते असे नाही. ती स्वतःच जड असल्याने कधी कधी कमीच नेते. जाहिरातीत पेट्रोलशिवायचे वजन दिले आहे का, तेही पाहा. 20 लिटर पेट्रोलचे वजन सुमारे 15 किलो भरते आणि तेवढ्याने वरचा सगळा हिशोब बिघडतो.

हा हिशोब त्यांच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही गाड्यांसाठी कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. मग चाचणी फेरी दोघांनी मिळून घ्या. एकट्याने दहा मिनिटे फिरवून आणलेल्या गाडीवरून दोघांच्या प्रवासाचा निर्णय घेता येत नाही. निदान तासभर बसा. पायटेकूंवर पाय ठेवल्यावर गुडघे कमरेच्या वर जातात का, पुढच्या काचेवरून येणारा वारा तुमच्या हेल्मेटवर आदळतो का, आणि उतरताना त्यांना गाडी तिरकी करावी लागते का, या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. विक्रेता दोघांना एकत्र चाचणी घेऊ देत नसेल, तर एखाद्या दिवसासाठी तेच मॉडेल भाड्याने मिळते का ते शोधावे. गाडी घेऊन पश्चात्ताप करण्यापेक्षा ते भाडे फार थोडे असते.

“सवय होईल” हे उत्तर मला स्वतःला स्वीकारता येत नाही. ज्या व्यक्तीने वीस वर्षे मागच्या सीटवरून प्रत्येक खड्डा सोसला आहे, तिचे मत या खरेदीत बरोबरीचे असले पाहिजे.

प्रश्न : जुन्या गाडीला कार्बोरेटर आहे आणि रस्त्याच्या कडेला बसून मी तिची निम्मी दुरुस्ती स्वतः करतो. नव्या गाड्यांत सर्वत्र इलेक्ट्रॉनिक्स आहे. दूर कुठे बंद पडली तर माझ्या हाती काहीच राहणार नाही, या भीतीने मी बदल टाळत आहे. ही भीती योग्य आहे का?

उत्तर : भीती समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख थोडा चुकतो आहे. जुनी गाडी तुम्ही वाटेत दुरुस्त करू शकता, कारण ती वाटेत तशी बंद पडते : कार्बोरेटरचा जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) तुंबतो, प्लग काळा पडतो, चोक अडकतो. नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी असलेल्या फ्युएल इंजेक्शनमध्ये या तक्रारी बहुतांशी उद्भवतच नाहीत. उंच घाटात हवा विरळ झाली की कार्बोरेटरची गाडी पेट्रोल जास्त ओढते आणि दम सोडते, तर इंजेक्शनची यंत्रणा हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करते.

मला आढळले आहे ते असे की नव्या गाडीलाही वाटेत बहुधा साध्याच गोष्टी अडवतात, म्हणजे उतरलेली बॅटरी, सैल झालेले टर्मिनल, उडालेला फ्यूज, साइड स्टँडचा बिघडलेला स्विच. म्हणून एक साधा मल्टिमीटर सोबत ठेवा आणि तो वापरायला शिका. इंजिन थोड्या चढ्या वेगावर असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी दिसले तर चार्जिंगमध्ये दोष आहे, आणि 15 च्या वर गेले तर रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा भाग, संशयित आहे. ही चाचणी जुन्या गाडीलाही लागू पडते. किंबहुना जुन्या गाड्यांत स्टेटर (वीज तयार करणारी गुंडाळी) आणि रेक्टिफायर हेच दुखरे भाग असतात.

एका बाबतीत तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. काही नव्या गाड्यांत बॅटरी बदलल्यावर किंवा सर्व्हिसची सूचना घालवायलाही कंपनीचे निदानयंत्र लागते, आणि स्वतः काम करणाऱ्या माणसाला हे जाचक वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी दोषांचे कोड सर्वसाधारण उपकरणाने वाचता येतात का आणि एअर फिल्टरपर्यंत पोचायला किती फेअरिंग उतरवावे लागते, हे विचारून घ्या. चाकांचाही विचार करा. ट्यूबलेस चाक असेल तर पंक्चर रस्त्यावरच पट्टी घालून दहा मिनिटांत निघते, ट्यूब असेल तर चाक खोलावे लागते. हाताने काम करणाऱ्याला रडार किंवा गरम होणाऱ्या हँडलग्रिपपेक्षा हा फरक रोजच्या उपयोगाचा आहे.

प्रश्न : नवी टूरिंग गाडी ठरली आहे. ती मिळताच लांबच्या प्रवासाला निघावे का, आणि जुनी लगेच विकावी का?

उत्तर : लगेच निघू नका. बऱ्याच कंपन्या पहिली सर्व्हिस 1,000 किलोमीटरच्या आसपास ठेवतात. त्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले जातात आणि सुरुवातीला सैल पडलेले बोल्ट कसले जातात. तोवर इंजिन फार ताणू नये आणि एकाच वेगावर तासन्‌तास धरू नये. नवे टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून वापरावेत, कारण साच्यातून निघालेला गुळगुळीत पृष्ठभाग झिजेपर्यंत त्यांची पकड पूर्ण नसते. या काळातच सस्पेन्शन तुमच्या वजनाला आणि सामानाला जुळवून घ्या. पेट्या भरून, दोघे बसून, स्प्रिंगचा ताण ठरवा. कारखान्यातली मांडणी एका मध्यम वजनाच्या माणसासाठी असते.

जुनी गाडी पहिला मोठा प्रवास होईपर्यंत ठेवता आली तर ठेवा. तोपर्यंत नव्या गाडीची बैठक खरोखर मानवते का हे कळते. शिवाय जुन्या गाडीच्या सीटपासून पायटेकूंपर्यंतचे आणि सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर मोजून ठेवले, तर नव्या गाडीत हँडल किंवा सीट किती हलवायची याचा अंदाज करावा लागत नाही, हाती आकडा असतो. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरून गंज चढणार नाही. कार्बोरेटर असेल तर त्यातले पेट्रोल काढून टाका, बॅटरीची जोडणी सोडवा आणि गाडी मुख्य स्टँडवर लावा. विक्रीच्या दिवशी सर्व्हिसची नोंदवही, दोन्ही किल्ल्या आणि बदललेल्या भागांच्या पावत्या एकत्र द्या, आणि टायरचे वय व जे काही दोष तुम्हाला ठाऊक आहेत ते घेणाऱ्याला आपणहून सांगा, कारण पुढच्या पावसात त्या गाडीवर तो बसणार आहे.